३०३ च्या तीन रायफली, गोळी एकच : जमत नाहीये, मदत हवी

शिसेवाला

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे. पण हरणाच्या शिकारीच्या जुन्या धाग्यावर इथल्या दोघा-तिघांनी आपण घरी काडतुसं भरतो असं लिहिलं होतं, म्हणून धीर करून विचारतो.

मी ओहायोत असतो. माझ्याकडे ३०३ ब्रिटिश या जुन्या फौजी काडतुसाच्या तीन रायफली जमल्यात. पहिली ईशापूरची नंबर १ मार्क ३, १९४२ ची. आपल्या देशात बनलेली म्हणून जुन्या बाजारात दिसली तेव्हा राहवलं नाही, सगळा उद्योग तिच्यापासून सुरू झाला. दुसरी कॅनडातल्या लाँग ब्रँचची नंबर ४, युद्धकाळातली, नळीत (गोळीला पीळ देणाऱ्या) फक्त दोन खाचा असलेली. तिसरी पॅटर्न १४, पहिल्या महायुद्धात विंचेस्टरने ब्रिटिशांसाठी बनवलेली.

तिन्हींत एकच काडतूस चालावं, एकच डबा घेऊन रेंजवर जावं, एवढीच माफक अपेक्षा. म्हणून तयार ओतीव शिशाच्या गोळ्या घेतल्या. १८५ ग्रेन वजनाच्या, बुडाला तांब्याची टोपी, ०.३१२ इंचाला साइझ केलेल्या (डायच्या भोकातून दाबून त्या व्यासाला आणलेल्या). पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) नव्या सर्बियन, दारू एकच (बायको अजूनही या शब्दावर हसते), वजन एकच, दिवसही एकच. ५० यार्डांवर निकाल असा:

पॅटर्न १४ : पाच गोळ्या लिंबाएवढ्या जागेत.
नंबर ४ : चहाची बशी.
ईशापूर : चाळण. त्यातली दोन भोकं चक्क लांबट, म्हणजे गोळी कागदाला आडवी लागलेली.

वर ईशापूरच्या नळीत शिशाचे चकचकीत पट्टे बसले. तांब्याच्या घासणीने काढता काढता रविवार गेला. चुकतंय कुठे?

माणदेशी मोंटाना

नळ्या मोजल्यात का? नसतील तर बाकी सगळं तूर्त बाजूला ठेवा.

३०३ हा आकडा खाचांच्या तळाचा नाही. खाचांच्या मधल्या उंचवट्यांवरचं ते माप. गोळीला खाचा भरायच्या असतात आणि त्या कागदावर ०.३११ च्या पुढे सुरू होतात. प्रत्यक्षात ०.३१२ पासून ०.३१६ पर्यंत काहीही निघतं, क्वचित जास्तही. युद्धात दिवसरात्र पाळ्या लावून काढलेल्या नळ्या आहेत या.

फौजी मार्क ७ गोळीला हे चालायचं. वर कवच असलं तरी तिचं बूड उघडं, आत मऊ शिसं. मागून पूर्ण दाब आला की ती बुडातून फुगायची आणि खाचा भरायची. तुमची कडक ओतीव गोळी कमी दाबावर तशी फुगत नाही. नळी सैल असेल तर कुकरची रिंग सैल झाल्यावर होतं तेच होतं, कडेने वाफ निसटते. इथे ती वाफ म्हणजे जळता वायू. तो गोळीची कड कापत जातो, कापलेलं शिसं नळीला चिकटतं आणि गोळीला पीळ नीट मिळत नाही. मग ती कोलांट्या खात जाते. तुमची लांबट भोकं त्याचीच.

मासेमारीच्या गळाचं मऊ शिशाचं वजन घ्या, नळीत थोडं तेल सोडा आणि लाकडी दांडक्याने हळूहळू ठोकत आरपार काढा. त्यावर खाचांचा ठसा उठतो. तो मोजून आकडे टाका.

शिसेवाला

मोजले, आणि आता जास्तच गोंधळलोय.

नंबर ४ : ०.३१४५
पॅटर्न १४ : ०.३०८
ईशापूर : ०.३०९५

म्हणजे ईशापूरची नळी नंबर ४ पेक्षा घट्ट? मग माझी ०.३१२ ची गोळी तिच्यात अडीच थाऊ जाडच आहे की. मायक्रोमीटर चांगला आहे, तीनदा मोजलं, फिरवून फिरवून मोजलं.

कुतूहल

थाऊ म्हणजे काय? (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

टूलरूम काका

एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन. डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षा बराच कमी.

बंदुकीतलं मला शून्य कळतं. पण भोसरीत ३१ वर्षं टूलरूममध्ये काढलीत, सध्या मुलाकडे न्यू जर्सीत आहे. शिसेवाला, एक सांगा, पॅटर्न आणि ईशापूरच्या नळीत खाचा किती? पाच आहेत का?

शिसेवाला

हो काका, दोन्हीत पाच. तुम्ही कसं ओळखलंत?

टूलरूम काका

आकड्यांवरून. पाच ही विषम संख्या, तिथेच घात झाला.

तुमच्या शिशाच्या तुकड्यावर खाचांच्या जागी पाच उंच कडा उठल्यात. सम संख्या असती तर एका कडेच्या बरोबर समोर दुसरी कड आली असती. पाचात एका कडेसमोर येते दरी. मायक्रोमीटरची एक बाजू कडेवर बसते, दुसरी दरीत, आणि तुम्ही मोजता अर्धा व्यास मोठ्या मापाचा अधिक अर्धा छोट्या मापाचा. कितीही फिरवा, तेच येणार. नंबर ४ ला दोनच खाचा, समोरासमोर, म्हणून तिचा आकडा खरा आला.

आता उलटा हिशोब करा. दरीचं माप ०.३०३ धरलं तर तिची त्रिज्या ०.१५१५. ईशापूरच्या ०.३०९५ मधून ती वजा करा, उरते ०.१५८. दुप्पट करा.

शिसेवाला

०.३१६!! आणि पॅटर्न १४ निघते ०.३१३. काका, साष्टांग नमस्कार.

टूलरूम काका

नमस्कार नको, खात्री करा. ०.३०३ हे आपण धरलेलं माप आहे. घासलेल्या नळीत तेही वाढलेलं असेल, मग आपलं उत्तर चुकेल. पाच दातांचे रीमर आणि टॅप मोजायला व्ही अँव्हिलचा मायक्रोमीटर येतो, १०८ अंशांचा. तीन दातांसाठीचा ६० अंशांचा असतो, तो नका आणू. वस्तू महाग आहे, कुणाकडून उसनी मिळाली तर बघा.

काही जण तुकड्याभोवती पातळ शिम पट्टी गुंडाळून मोजतात आणि पट्टीची जाडी दोनदा वजा करतात. चालतं, पण ते जुगाड आहे. दाब जरा जास्त दिला की पट्टी दरीत दबते. मी असतो तर रिंग गेज वापरला असता. तुमच्या या धंद्यात गोळी साइझ करायच्या डाय असतात ना? त्यांची भोकं नेमक्या मापाची असतील. तुकडा त्यातून जातो की अडतो ते बघा. गो आणि नो-गो, संपलं.

माणदेशी मोंटाना

काका, पंधरा वर्षं ओतकाम करतोय, पण पाच खाचांचं इतकं सरळ कुणी समजावलं नव्हतं. मी आपला शिम गुंडाळणाऱ्यांतलाच.

शिसेवाला

रेंजवरच्या एका म्हाताऱ्याकडे ०.३१४ आणि ०.३१६ च्या डाय होत्या. त्याच्या गॅरेजमध्ये बसून करून पाहिलं. पॅटर्नचा तुकडा ०.३१४ मधून सरळ खाली पडला. ईशापूरचा ०.३१४ च्या तोंडावरच अडला. ०.३१६ मध्ये अंगठ्याने जरा दाबल्यावर सरकत गेला, चहूकडून सारखा घासत. हिशोब बरोबर.

म्हणजे मी ०.३१६ च्या नळीत ०.३१२ ची गोळी सोडत होतो. चार थाऊ सैल. चाळण होणारच.

आता मूळ प्रश्न. सगळ्यांत जाड नळीच्या मापाने, म्हणजे ०.३१६ किंवा जरा वर, गोळी केली तर तिन्हींत चालेल ना? शिसं मऊ असतं, घट्ट नळीत दाबून जाईल.

रानवाटा

चालेल. मी ३०-३० काडतुसाच्या दोन रायफलींत तेच करतो. जाड गोळी कधीही बरी, बारीक कधीच नको.

माणदेशी मोंटाना

रानवाटा, अर्धं बरोबर. नळीचा प्रश्न नाही, शिसं नळीत दाबून जातंच. प्रश्न त्याआधीचा आहे, पुंगळीच्या मानेचा.

जाड गोळी बसवली की पुंगळीची मान बाहेरून तेवढीच जाड होते. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत) मानेभोवती जागा राहिली नाही तर बार उडताना मान फुलू शकत नाही, गोळी सुटू शकत नाही आणि दाब नको तिथे चढतो. हे गमतीचं काम नाही. साधी परीक्षा अशी : त्याच रायफलीतून उडवलेली पुंगळी घ्या, काही न करता. तुमची गोळी तिच्या तोंडात बोटाने सहज आत-बाहेर सरकली पाहिजे. अडली तर ती गोळी त्या रायफलीला नाही. तिन्ही रायफलींच्या पुंगळ्यांवर वेगवेगळं करून पाहा.

दुसरं म्हणजे घसा. खाचा सुरू होण्याआधीचा मोकळा भाग. कॉर्डाइट या जुन्या ब्रिटिश दारूने तो पार खाल्लेला असतो. कॉर्डाइट इतकं गरम जळायचं की आधीच्या उथळ मेटफर्ड खाचा टिकेनात, म्हणून १८९५ मध्ये खोल एनफिल्ड खाचा आल्या. तुमची गोळी खरं तर या घशाला बसायला हवी. चेंबरमध्ये रिकामी पुंगळी, तिच्या तोंडात मऊ शिशाचा तुकडा, वरून पितळी दांड्याने हलके ठोके. घशाचा ठसा मिळतो. सेरोसेफ हा ठसा घ्यायचा मिश्रधातू ओतलात तरी चालेल, ७० ते ८८ अंशांवर वितळतं. फक्त मोजायचं बरोबर तासाभराने. आधी ते आकसतं, मग पुन्हा फुगतं, आणि तासाला चेंबरच्या खऱ्या मापावर येतं.

बेळगावचा नातू

अवांतर : आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. ३०३ चा विषय निघाला की खांदा चोळायचे, पन्नास वर्षांनीसुद्धा. आमच्याकडे त्यांची एक रिकामी पुंगळी होती, बुडावर के आणि एफ. लहानपणी मला वाटायचं एफ म्हणजे फौज. पुढे कळलं, ते खडकी फॅक्टरी, इंग्रजांचं किरकी. ही खडकीची पुंगळी पुन्हा भरता येते का हो?

माणदेशी मोंटाना

ती आठवण म्हणूनच ठेवा. खडकीच्या ३०३ ला बर्डन पद्धतीचा प्रायमर (बुडातला, ठिणगी पाडून दारू पेटवणारा भाग). आत मधोमध एक भोक नसतं, दोन बारीक भोकं कडेला असतात. आपल्या डायची, जुना प्रायमर ढकलून काढायची सुई मध्ये जाऊन आदळते आणि वाकते. माझ्या दोन सुया अशाच गेल्या तेव्हा अक्कल आली. शिसेवाला, असला जुना माल कुणी स्वस्तात दिला आणि उडवलात, तर घरी येऊन नळी गरम पाण्याने धुवा. त्या प्रायमरच्या क्षारांनी रात्रीत गंज चढतो, नुसतं तेल पुसून भागत नाही.

कुतूहल

भारतात हा छंद करता येईल?

बेळगावचा नातू

३०३ आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य लायसन्सवर मिळत नाही. आणि विनापरवाना घरी काडतूस भरणं म्हणजे आर्म्स ॲक्ट १९५९ खाली थेट गुन्हा. धागा वाचा, मजा घ्या.

शिसेवाला

मानेची परीक्षा केली. ०.३१६ ची गोळी ईशापूरच्या पुंगळीत सैलच पडते, आतल्या आत गडगडते. नंबर ४ मध्येही छान सरकते. पॅटर्न १४ मध्ये मात्र कडेला टेकली, जोर लावावा लागला. म्हणजे ती बाद.

एकच डबा हे स्वप्न संपलं. दोन डबे : पॅटर्नला ०.३१४, बाकी दोघींना ०.३१६. आता ०.३१६ च्या तयार गोळ्या कुठे मिळेनात, त्यामुळे साचाच मागवलाय, २०० ग्रेनचा. शिसं ओतायला शिकावं लागणार. कथील-शिसं म्हटलं की मला आमच्या वाड्यात यायचा तो कल्हईवाला आठवतो. तेवढंच माझं ज्ञान.

माणदेशी मोंटाना

कल्हईवाल्याला तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं, कारण त्याला भांडं कोरडं लागतं हे माहीत होतं. वितळलेल्या शिशात शिशाची ओली लादी, ओला चमचा, घामाचा थेंबसुद्धा नको. पाण्याची क्षणात वाफ होते आणि सगळं शिसं अंगावर उडतं. माझ्या डाव्या मनगटावर एक डाग आहे, ओल्या चमच्याचा.

टायरची जुनी वजनं वापरणार असाल तर एकेक निवडून घ्या. हल्ली त्यात जस्त आणि लोखंड मिसळलेलं असतं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला. भांडं ३७० च्या आसपास ठेवलंत तर जस्ताची वजनं वर तरंगतात, झाऱ्याने काढून टाका. भट्टी जास्त तापवलीत तर जस्त विरघळतं आणि मग गोळीच्या कडा नीट उठत नाहीत. मळी काढायला मेणाचा तुकडा टाका, धूर होतो, म्हणून बाहेर बसा. थोडं कथील घातलं की साचा छान भरतो. हात धुतल्याशिवाय खाऊ नका, लहान मुलं लांब ठेवा, वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासा.

आणि सर्वांत जास्त लोक फसतात ती जागा सांगतो. तुमच्या डायमधला मान रुंद करणारा गोळा ०.३११ च्या कवचवाल्या गोळीसाठी आहे. ०.३१६ ची मऊ गोळी तेवढ्याच मानेत दाबलीत तर पुंगळीच तिला पिळून पुन्हा ०.३१३ करून ठेवते. सगळी मेहनत पाण्यात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जाड गोळीसाठी वेगळा, पायरीचा एक्सपांडर घ्या. एक काडतूस भरून पुन्हा उकला आणि गोळी मोजा. ०.३१६ च निघायला हवी.

निशी

माझा यातला अभ्यास नाही, पण एक विनंती. रंगाची पावडर लावून गोळ्या भाजणार असाल तर घरातला टोस्टर ओव्हन वापरू नका. आमच्याकडे झालंय हे. त्यात परत पाव भाजायला मी नकार दिला, तर म्हणे, पुसलाय की.

शिसेवाला

निशीताई, इथे एक टोस्टर आधीच गॅरेजमध्ये हद्दपार झालाय. :)

शिसेवाला

महिन्याने धागा वर काढतोय. दारूच्या वजनाबद्दल व्यनि (खाजगी निरोप) आलेत. ते मी इथे लिहिणार नाही. छापील मॅन्युअलमधल्या किमान आकड्यापासून मी सुरुवात केली, तुम्हीही तिथूनच करा. एवढंच सांगतो, जलद जळणारी दारू पुंगळीत निम्म्याहूनही कमी भरते, म्हणजे चुकून दोनदा पडली तरी ओतू जात नाही. मी पन्नासच्या पन्नास पुंगळ्या फळीवर उभ्या करून आत टॉर्च मारतो, मगच गोळी बसवतो.

उकलून पाहिल्यावर माझी गोळी खरंच ०.३१३ निघाली होती. एक्सपांडर बदलला, मग ०.३१६.

निकाल, ५० यार्ड : ईशापूर, पाच गोळ्या, अडीच इंच. सगळी भोकं गोल! नळीत घशाशी शिशाचा अगदी पुसट डाग, दोन फडक्यांत निघाला. १९४२ ची नळी आहे, मला आणखी काही नको. पॅटर्न १४ आपल्या ०.३१४ वर सव्वा इंच.

नंबर ४ मात्र अजून बशीच. गोळी बसते, शिसं लागत नाही, मान मोकळी. तरी चार इंच, आणि गोळ्या वर चढत जातात.

माणदेशी मोंटाना

मग गोळीला दोष देऊ नका. नंबर ४ मध्ये पुढचं लाकूड टोकाशी नळीला खालून वर दाबतं, साधारण ३ ते ५ पौंड. तो दाब असेल तरच ती नीट मारते. लाकूड वाळून आकसलं असेल तर नळी हवेत. टोकाशी नळी हळूच वर उचला आणि सोडा. टक्क आवाज करून बसली तर दाब आहे.

आणि पुंगळ्या रायफलीगणिक वेगळ्या ठेवताय ना? ३०३ ची पुंगळी चेंबरमध्ये बुडाच्या काठावर टेकते, चेंबर मात्र ढगळ. पुंगळी काठाच्या वर ताणली जाते, दोन-चार वेळात तिथे चकचकीत कडं दिसतं, मग तुटते. नवी पुंगळी पहिल्यांदा उडवताना काठाच्या पुढे छोटी रबरी ओ-रिंग चढवा. ती पुंगळीला मागे बोल्टला टेकवून धरते, खांदा पुढे फुलतो. त्यानंतर फक्त मान साइझ करा, आणि पुंगळी त्याच रायफलीत.

शिसेवाला

टक्क बिक्क काही नाही. नळी लाकडात नुसती हलते, दातासारखी.

आणि पुंगळ्या… आजपर्यंत तिन्हींच्या एकाच बरणीत होत्या. आज तीन बरण्या केल्या, लोणच्याच्या. गोळ्यांचे डबे दोन, पुंगळ्यांच्या बरण्या तीन. एक डबा घेऊन रेंजवर जायचं होतं मला.

टूलरूम काका

लाकडाच्या टोकाशी पातळ कार्डाचा तुकडा घालून बघा. एकदम जाड नको, एकेक वाढवत जा. आधी आणि नंतर स्प्रिंग काट्याने वजन मोजा, माशाचा काटा चालेल. आणि मोजल्याशिवाय सुतारकाम सुरू करू नका.

पश्चिम घाटी

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. माझ्याकडेही ईशापूरच आहे, टेक्सासमध्ये घेतली, १९६५ ची. तिलाही ०.३१६ ची गोळी लागेल का?

माणदेशी मोंटाना

थांबा! काही भरू नका. मॅगझिन खालून चौकोनी आहे का? आणि दस्त्याजवळच्या कड्यावर ७.६२ आणि २ए१ असं कोरलंय का?

पश्चिम घाटी

मॅगझिन चौकोनी आहे, हो. कोरलेलं बघतो… हो, ७.६२ एमएम २ए१.

माणदेशी मोंटाना

मग ती ३०३ नाहीच. दिसायला बहीण, काडतूस पूर्ण वेगळं, आणि गोळी ०.३०८ च्या घरातली. नवा धागा काढा, तिथे बोलू. आणि हो, तिच्या खाचा आधी मोजा, सम आहेत की विषम ते काकांना सांगा.